घरचे पाणी, घरची वीज
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्ञातीच्या मेळाव्यात विद्या, विवाह आणि विद्यार्थिसाहाय्य या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. यंदा चिटणीसांनी आम्हांस घरातील पाणी व वीज यांच्या काटकसरीवर बोलण्याची आज्ञा केली. विषय मोरीचा आणि गच्चीवरील टाकीचा, म्हणून कोणास तो किरकोळ वाटेल. परंतु ज्या दोन गोष्टींवाचून घर एक दिवसही चालत नाही, त्यांचा हिशेब वर्षातून एकदा मांडणे अस्थानी होणार नाही, असे आम्हांस वाटते.

आपण आज ज्या सदाशिव पेठेत जमलो आहोत, तिला हा विषय नवा नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रज येथे तलाव बांधून जमिनीखालून दगडी नळ शहरात आणला. काळा हौद, बदामी हौद इत्यादी हौद त्या पाण्याने भरत. पुढे नाना फडणविसांनी आंबेगावच्या बाजूने आणलेल्या पाण्याने सदाशिव पेठेतील हौदाची सोय झाली. या सर्व योजनेत एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. तीत कोठेही यंत्र नव्हते. कात्रज उंच, पेठा सखल. तेवढ्या उतारावर पाणी आपल्या पायांनी चालत आले. वाटेत उच्छ्वास बांधून हवेला वाट दिली, गाळ बसण्यास जागा ठेवली, आणि कोणतेही इंधन न जाळता शहराची तहान भागली. पाणी आणि ऊर्जा या दोहोंची बचत एकाच कामात साधल्याचे याहून चांगले उदाहरण शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही.

ही योजना केवळ इतिहासाच्या पुस्तकात राहिली नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पूर ओसरल्यावर दुसरे संकट उभे राहिले. खडकवासल्याचा साठा रिता झाल्याने नळ कोरडे पडले. त्या दिवसांत वाड्यांतील आड, विहिरी आणि जुने हौद यांनीच शहरास पाणी पाजले. ज्यांनी तो काळ पाहिला, त्यांच्या घरांतून ती आठवण अद्याप सांगितली जाते.

आज ते वाडे एकामागून एक पडत आहेत आणि त्यांच्या जागी सहा-सात मजली इमारती उभ्या राहत आहेत. नवी इमारत होणे हे कुटुंबांच्या सोयीचे आहे. त्यास आमचा विरोध नाही. परंतु वाडा पाडताना विहीरही बुजवली जाते, तेव्हा संकटकाळचा आधार कायमचा जातो. ज्या सभासदांच्या वाड्यांचे करारनामे आज चालू असतील, त्यांना आमची विनंती आहे की, विहीर राखण्याचे कलम त्यांत आधी लिहून घ्यावे. मागाहून ती खोदून मिळत नाही.

त्या विहिरीस पाणी कोठून मिळावे? पुण्यास वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तेवढ्या पावसाने ७०,००० लिटर पाणी उतरते. पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी ५६,००० लिटर उरतात. शहरी माणसास दिवसास १३५ लिटर पाणी हे सरकारी मान आहे; त्या हिशेबाने चौघांच्या कुटुंबास हे पाणी शंभर दिवस पुरावे. आज ते पन्हळीतून गटारात जाते. पहिल्या सरींचे मळकट पाणी सोडून देऊन पुढील पाणी गाळून विहिरीत अथवा कूपनलिकेत सोडले, तर भूमीची ठेव वाढेल.

आता घरात येऊ. आपल्याकडे एक विचित्र चाल आहे. सकाळी नळ आला की काल भरलेले पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतावयाचे आणि ‘ताजे’ भरावयाचे. धरणात जे पाणी महिनोन् महिने साठलेले असते, ते आपल्या स्वच्छ, झाकलेल्या हंड्यात एका रात्रीत शिळे कसे होईल? दात घासताना नळ दोन मिनिटे वाहता ठेवला तर दहा-बारा लिटर पाणी जाते; तेच काम एका तांब्यात होते. कारंज्याखाली दहा मिनिटे स्नान केल्यास ऐंशी ते शंभर लिटर लागतात, बादलीने वीस. गच्चीवरील टाकीचा बॉलकॉक बिघडला की सारी इमारत झोपेत असताना पाणी वाहत राहते. गळक्या नळाखाली एक रात्र भांडे ठेवून सकाळी मोजून पाहावे. आमच्या उपदेशापेक्षा ते भांडे अधिक बोलेल.

विजेच्या बाबतीत मात्र अनेकांचा अंदाज चुकतो. पाणी वर चढविणाऱ्या पंपाकडे सर्वांचे लक्ष जाते. वास्तविक वीस लिटरची बादली सातव्या मजल्यावर चढविण्यास लागणारी वीज अत्यल्प असते. तीच बादली स्नानापुरती, म्हणजे वीस अंशांनी, तापविण्यास मात्र जवळजवळ अर्धा युनिट लागतो. चढविण्याच्या शंभरपटीहून हा खर्च अधिक आहे. चौघांनी रोज एकेक बादली घेतली तरी महिन्यास साठ युनिटांच्या आसपास हिशेब जातो. म्हणून काटकसर करावयाची तर ती प्रथम ऊन पाण्याची करावी. गच्चीवर सौर बंब बसविल्यास पावसाळ्याचे ढगाळ दिवस सोडून हा खर्च बहुतांशी टळतो. बंबाचे ऊन पाणी नळास येईपर्यंत जे गार पाणी येते, ते बादलीत धरावे. ते भांड्यांस अथवा झाडांस उपयोगी पडते. साठ वॉटच्या जुन्या दिव्याचे काम नऊ वॉटचा एलईडी दिवा करतो, आणि जुन्या पंख्याच्या निम्म्याहून कमी विजेवर चालणारे नवे पंखे आता मिळतात.

पाणी आणि वीज या सख्ख्या बहिणी आहेत, हेही विसरू नये. औष्णिक केंद्रास वाफेसाठी व थंडाव्यासाठी पाणी लागते. २०१३ साली मराठवाड्यातील दुष्काळात परळीचे वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. घरातला दिवा विनाकारण जळतो, तेव्हा कोठेतरी पाणीही खर्ची पडत असते.

बागेविषयी आमच्या भगिनींना आम्ही काय सांगावे! जुन्या घरांच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि अळू पोसण्याची रीत त्यांच्याच आजींनी चालविली होती. आज परस नाही, गच्ची आहे; पण भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी कुंड्यांस घालता येते. झाडांस पाणी उन्हात न घालता सकाळी लवकर अथवा सायंकाळी घालावे. कुंडीतील माती वाळलेल्या पालापाचोळ्याने झाकावी, म्हणजे ओल टिकते. मोठ्या वाफ्यात रंग न दिलेले, साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे. त्यातून पाझरणारा ओलावा मुळांस हवा तेवढाच मिळतो.

कोणी म्हणेल, पाण्याची पट्टी आम्ही भरतो, मग वापरले तर बिघडले कोठे? त्यास आमचे उत्तर असे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठते, आणि त्यावर पुण्याबरोबर दौंड व इंदापूर येथील शेतकऱ्यांचाही हक्क आहे. आपण येथे जे ओतून देतो, ते त्यांच्या कालव्याच्या आवर्तनातून वजा होते. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांचे आप्त खेड्यांत आहेत. पट्टी भरल्याने पाण्याची किंमत चुकती होते. शेजारधर्म चुकता होत नाही.

शेवटी तीन गोष्टी सुचवितो. प्रत्येक सभासद कुटुंबाने या महिन्याचे विजेचे बिल जपून ठेवावे आणि पुढील मेळाव्यास दुसरे घेऊन यावे. घरातील गळके नळ येत्या पंधरवड्यात दुरुस्त करावे. आणि ज्यांच्या आवारात विहीर असेल, त्यांनी तिची नोंद संघाच्या दफ्तरात करावी, म्हणजे ती राखण्याच्या प्रयत्नास संघासही हातभार लावता येईल.