व्हिसा नको, पण परवानगी हवी



बोईसरला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी सव्वीस वर्षं काढली. काम हजेरीचं आणि गेटपासचं. कंत्राटदाराचा एखादा माणूस सकाळी सातच्या पाळीला यायचा. कार्ड नवं करून घेतलेलं असायचं, पास मात्र जुन्या कार्डाच्या नंबरावरचा. "साहेब, माणूस तर तोच आहे ना!" असं काकुळतीला येऊन म्हणायचा. मी म्हणायचो, "माणूस तोच, पण नंबर वेगळा. नवा पास घेऊन ये." त्याचा त्या दिवसाचा रोज बुडायचा. मला त्याचं फारसं काही वाटत नसे, हे खरं सांगतो.

माझी मुलगी स्वीडनमध्ये गोटेनबर्गला असते. २०१७ मध्ये तिने तिथलं नागरिकत्व घेतलं. स्वीडनने २००१ पासून दोन देशांचं नागरिकत्व ठेवायला मुभा दिली आहे. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात मात्र ती नाही. त्यामुळे तिला आपला भारतीय पासपोर्ट जमा करावा लागला. त्या दिवशी तिने फोन केला तेव्हा आम्ही दोघंही थोडा वेळ गप्पच होतो. मग ती हसून म्हणाली, "बाबा, आता मला कुठे व्हिसा नको. तुम्ही आपले बसा रांगेत!"

ते बव्हंशी खरंच होतं. आपल्याला कॅनडा, अमेरिका, इंग्लंड कुठेही जायचं म्हटलं की आधी फॉर्म, बँकेचे कागद, बोटांचे ठसे आणि मग वाट पाहणं. पालघर-बोईसरकडून मुंबईला दोन-तीन फेऱ्या धरूनच चालायच्या. स्वीडिश माणसाला यातलं काही नाही. पण 'व्हिसा नको' म्हणजे 'काहीच नको' असं आम्ही धरून चाललो, तिथे घोटाळा झाला.

२०२३ च्या मे महिन्यात मी मुलीकडे होतो. माझे थोरले बंधू, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो, टोरांटोजवळ मिसिसागाला राहायचे. एका रात्री पुतण्याचा फोन आला : दादांचं काही खरं नाही, येता आलं तर या. माझ्या पासपोर्टवर आधीच्या भेटीचा कॅनडाचा व्हिसा होता, अनेक फेऱ्यांचा, मुदत शिल्लक असलेला. मुलगीही २०१९ मध्ये जाऊन आली होती. दुसऱ्या दिवशीची तिकिटं मिळाली. निघताना तिने तिच्या बॅगेत सातपाटीच्या सुक्या बोंबलांचा पुडा टाकला. मी तो गावाहून तिच्यासाठी नेला होता. दादांचा जीव त्या बोंबलांत. पन्नास वर्षं कॅनडात काढून ती आवड काही गेली नव्हती.

विमानतळावरच्या काउंटरवर माझा पासपोर्ट पाहिला, व्हिसा पाहिला, बोर्डिंग पास हातात दिला. मुलीचा पासपोर्ट यंत्रावर ठेवला आणि ती काउंटरवरची मुलगी थांबली. म्हणाली, यांच्या नावावर परवानगी दिसत नाही.

ही परवानगी म्हणजे काय, ते सांगतो. व्हिसामाफी असलेल्या प्रवाशांची आधी चाळणी व्हावी म्हणून काही देशांनी संगणकावरून घ्यायची परवानगी काढली. अमेरिकेची 'एस्टा' जानेवारी २००९ पासून सक्तीची झाली, कॅनडाची 'ईटीए' २०१६ मध्ये, न्यूझीलंडची ऑक्टोबर २०१९ मध्ये. इंग्लंडने स्वीडनसह युरोपातल्या लोकांना ती २ एप्रिल २०२५ पासून लावली. घरबसल्या अर्ज करायचा, पैसे भरायचे, उत्तर ईमेलवर येतं. पासपोर्टवर शिक्का नाही की कागद चिकटवलेला नाही. ती परवानगी बांधलेली असते पासपोर्टच्या नंबराला. विमान कंपनी तो नंबर टाकते आणि होकार आला तरच माणसाला विमानात बसवते. परवानगी नसलेला प्रवासी नेला, तर दंड कंपनीला भरावा लागतो. तिथे रडून, विनवून उपयोग नाही.

मुलगी म्हणाली, "अहो, मी २०१९ मध्ये काढली आहे, पाच वर्षांची आहे." ते बरोबर. पण कॅनडाचा नियम असा की पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी असेल ते. आपला पासपोर्ट दहा वर्षांचा. स्वीडनचा मोठ्या माणसाचा पाच वर्षांचा आणि बारा वर्षांखालच्या मुलांचा तीनच वर्षांचा. तिचा २०१७ चा पासपोर्ट २०२२ मध्ये संपला, नवा आला, नंबर बदलला. परवानगी जुन्या पासपोर्टबरोबर गेली.

माणूस तोच, नंबर वेगळा! माझ्या पोटात कसंसंच झालं.

तिने तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवरून अर्ज केला. बहुतेकांना उत्तर काही मिनिटांत येतं, म्हणून आम्ही पाहत राहिलो. काउंटर बंद व्हायची वेळ आली तरी ईमेल नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही व्हा पुढे." रांगेत बसणारा मी पुढे गेलो आणि व्हिसा न लागणारी ती मागे राहिली. बोंबीलही तिच्या बॅगेतच राहिले.

तिची परवानगी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तिकीट मिळून ती मिसिसागाला पोचेपर्यंत आणखी एक दिवस गेला. मी पोचलो त्या संध्याकाळी दादांनी मला ओळखलं, चिंचणीच्या समुद्राबद्दल काहीबाही बोलले, "पोरगी कुठेय?" असं दोनदा विचारलं. ती आली तेव्हा त्यांचं बोलणं थांबलेलं होतं. ती हात धरून बसून राहिली. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

यात दोष कुणाला द्यायचा? नियम लिहिलेला होता, आम्ही वाचला नव्हता. तेव्हापासून मी टाइम ऑफिसातल्यासारखी एक वही केली आहे : प्रत्येकाच्या पासपोर्टचा नंबर, मुदत, कुठली परवानगी कुठल्या नंबरावर. कॅनडाची फी सात डॉलर. पण सरकारी वाटणारी भलतीच संकेतस्थळं त्याच्या कितीतरी पट उकळतात, म्हणून खरा पत्ताही वहीत आहे. अमेरिकेची परवानगी दोन वर्षांची; तिची फी सप्टेंबर २०२५ च्या अखेरीला २१ डॉलरवरून ४० झाली. ऑस्ट्रेलियाची युरोपीय लोकांना फुकट. आणि एक गंमत : १२ जानेवारी २०२१ नंतर क्यूबाला जाऊन आलेल्या स्वीडिश माणसाला अमेरिकेची ही सोय सहसा मिळत नाही, त्याला आपल्यासारखा रीतसर व्हिसा काढावा लागतो. जावयांचं क्यूबाला सुट्टीवर जायचं चाललं होतं, ते मी वहीतला हा नियम वाचून दाखवल्यावर मागे पडलं.

आणि आपला भारत? स्वीडिश पासपोर्टवर इथेही तसंच येता येत नाही. व्हिसा किंवा ई-व्हिसा तरी हवा, नाहीतर मूळच्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड. माझ्या मुलीकडे आणि नातीकडे ते कार्ड आहे, म्हणून बोईसरच्या घरी त्या हव्या तेव्हा येतात. मात्र मूल वीस वर्षांचं होईपर्यंत दर नव्या पासपोर्टला त्याची प्रत आणि नवा फोटो त्या संकेतस्थळावर चढवावा लागतो.

नातीचा तीन वर्षांचा पासपोर्ट संपून नवा गेल्या महिन्यात आला. वहीत तिच्या नावापुढची ती रेघ अजून कोरी आहे. आज रात्री फोन करायचा आहे.