दोर कोणाच्या हातात?

वार्षिक परीक्षा संपत आल्या की शहरातल्या चौकांत, सोसायट्यांच्या फलकांवर आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर साहस शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. पाच दिवस, चार रात्री आणि खाली यादी: रॅपलिंग, झिपलाइन, व्हॅली क्रॉसिंग, बर्मा ब्रिज, कयाकिंग, रायफल शूटिंग, घोडेस्वारी, शेकोटी. यादी जितकी लांब तितकं शिबिर चांगलं, असा जाहिरात देणाऱ्याचा आणि पुष्कळदा पैसे भरणाऱ्याचाही समज असतो. आज मला याच्या उलट बाजू मांडायची आहे. पाचवी ते आठवीतल्या, म्हणजे साधारण दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत डोंगरात न्यावं, जरूर न्यावं. पण शिबिर साधलं की फसलं हे पाहताना मुलानं किती प्रकार केले ते मोजू नये, त्याच्या हाती खरी जबाबदारी किती पडली ते पाहावं. आणि मुलांवर विचारपूर्वक जबाबदारी टाकणारं शिबिर बहुधा जास्त सुरक्षितही असतं, हे आजच्या बोलण्यातलं माझं दुसरं म्हणणं.

झिपलाइनचंच घ्या. हार्नेस चढवणारा प्रशिक्षक, कॅराबिनरची कडी अडकवणारा प्रशिक्षक, पाठीवर हलकासा धक्का देणाराही प्रशिक्षकच. मूल या टोकावरून त्या टोकाला जातं, ओरडतं, हसतं, की पुढच्याचा नंबर. मजा येते आणि मजेत वावगं काही नाही. पण त्या सगळ्या वेळात त्यानं एकही निर्णय घेतलेला नसतो. ते नुसता प्रवासी असतं. आता प्रस्तरारोहणाचा अगदी पहिला पाठ पाहू. वीस-पंचवीस फुटांचा कातळ, माथ्यावर भक्कम अँकर आणि त्यातून खाली सोडलेला दोर. एक मूल चढतं आणि दुसरं खालून त्याला बिले देतं, म्हणजे चढणाऱ्याचा सुरक्षादोर सांभाळतं. चढण्याआधी दोघांनी एकमेकांच्या हार्नेसचं बकल, दोराची गाठ, कॅराबिनरचा स्क्रू तपासायचा. ठरलेल्या शब्दांत विचारायचं, ठरलेल्या शब्दांत उत्तर द्यायचं आणि उत्तर ऐकू आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. चढणारा वर सरकला की ढिला पडलेला दोर ओढून घ्यायचा, नजर वरच ठेवायची आणि दोर रोखून धरणारा हात क्षणभरही सोडायचा नाही. मागे प्रशिक्षक दोराचं शेपूट धरून उभा असतोच, त्यामुळे मुलाची चूक झाली तरी ती सावरता येते. तरीसुद्धा दोर धरलेल्या बारा वर्षांच्या मुलीला पक्कं ठाऊक असतं की आपलं लक्ष उडालं तर वरच्या मैत्रिणीला त्याचा झटका बसेल. शाळेत या वयातल्या चुकीची किंमत ज्याची त्यालाच मोजावी लागते, चार गुण कमी पडतात. आपल्या लक्ष देण्यावर दुसऱ्याचं काही अवलंबून आहे, हा अनुभव वर्गात क्वचितच येतो. म्हणून चढणाऱ्यापेक्षा दोर धरणारा जास्त शिकतो असं माझं मत आहे, आणि छायाचित्रं मात्र नेहमी चढणाऱ्याचीच निघतात!

ही कल्पना काही आजची नाही. आज जगभर पसरलेल्या साहस शिक्षणाचं एक मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. जर्मन पाणबुड्यांच्या माऱ्यात ब्रिटिश मालवाहू जहाजं बुडत होती. त्यांतून लाइफबोटींत उतरलेल्या खलाशांमध्ये तरणेबांड पोरगे आधी हाय खातात आणि वयानं मोठे, मुरलेले खलाशी टिकून राहतात, असं ब्लू फनेल या जहाज कंपनीच्या लॉरेन्स होल्ट यांच्या लक्षात आलं. शक्ती तरुणांकडे जास्त होती, कमतरता होती ती धीराची, सवयीची आणि एकमेकांवरच्या विश्वासाची. होल्ट आणि हिटलरच्या जर्मनीतून ब्रिटनमध्ये आलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्त हान यांनी मिळून १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर अ‍ॅबरडव्ही इथे एक शाळा काढली. तीच आउटवर्ड बाउंड. तिथला अभ्यासक्रम सुमारे महिनाभराचा होता आणि त्यात डोंगर, समुद्र आणि बचावकार्य यांवर भर होता. लक्षात घ्या, थरार हा तिथे विषयच नव्हता. अडचणीत डोकं ठिकाणावर कसं ठेवावं, हा होता.

अशा शिबिरांचा उपयोग खरंच होतो का, याची तपासणीही झालेली आहे. संशोधक जॉन हॅटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये साहस शिक्षणावरच्या ९६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट शिक्षणक्षेत्रात विरळाच आढळते. बहुतेक शैक्षणिक उपक्रमांचा परिणाम उपक्रम संपला की ओसरू लागतो. इथे मात्र आत्मविश्वास, स्वतःवरचा ताबा यांसारख्या बाबतींत झालेली वाढ शिबिरानंतरही टिकली, किंबहुना आणखी वाढली. पण तोच आढावा असंही सांगतो की कार्यक्रमाकार्यक्रमांत फार तफावत आहे आणि लांब मुदतीचे कार्यक्रम छोट्या कार्यक्रमांपेक्षा सरस ठरतात. म्हणजे "शिबिराला गेला आणि सुधारला" अशी हमी कोणी देऊ लागलं तर ती घेऊ नये. दोन दिवसांत दहा प्रकार उरकणाऱ्या कार्यक्रमाला तर या पुराव्याचा आधार मागण्याचा अधिकारच नाही. दुसरा एक अभ्यास नेमका याच वयाचा आहे. कॅलिफोर्नियातल्या सहावीच्या मुलांचा एक गट पाच दिवस निसर्ग शिबिरात राहिला, फोन नाही की कुठलाही पडदा नाही. त्याच शाळेतला दुसरा गट नेहमीसारखा घरी राहिला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शिबिरातली मुलं समोरच्याच्या चेहऱ्यावरून आणि हावभावांवरून त्याच्या भावना ओळखण्यात दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारलेली आढळली. गट लहान होते, मुदत थोडी होती, तेव्हा यावरून फार मोठी इमारत उभी करायला नको. पण दिवसभर एकमेकांच्या तोंडाकडे पाहूनच काम करावं लागलं, तर माणूस वाचण्याची सवय वाढते, हे न पटण्यासारखं नाही.

मग हेच वय का? या वयात धोक्याची ओढ जागी होऊ लागते आणि ती दोस्तांच्या देखत बळावते. अमेरिकेतले संशोधक मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याच्या संगणकी खेळात तेरा ते सोळा वर्षांची मुलं बरोबरीची मुलं शेजारी असताना कितीतरी जास्त धोका पत्करत. प्रौढांमध्ये तसा फरक पडला नाही. ही ओढ उपदेशानं जात नाही. पाचवीतला मुलगा आज सांगितलेलं ऐकतो, पण तीन-चार वर्षांनी तोच पावसाळ्यात धबधब्याच्या कड्यावर मित्रांबरोबर फोटो काढायला उभा राहणार आहे. ओला कातळ पायाखाली कसा निसटतो, चढण्यापेक्षा उतरणं का अवघड असतं, "मला हे जमणार नाही" असं चारचौघांत म्हणता येतं, या गोष्टी त्याला त्याआधी कळायला हव्यात. ओढ पुरती अंगात येण्यापूर्वी तिची ओळख करून द्यायची, तर ती माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरच.

इथे पालकांचा पहिला आक्षेप येतो आणि तो अगदी योग्य आहे: मुलाच्या जिवाला धोका झाला तर? गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या दुर्घटना आठवून पाहू. जून २०१४ मध्ये हिमाचलात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्यातल्या महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात क्षमतेपेक्षा जास्त भरलेली नाव उलटून १२ शाळकरी मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. यांतली एकही साहस मोहीम नव्हती. तिन्ही साध्या सहली होत्या आणि तिन्ही ठिकाणी मृत्यू पाण्यानं आला. सहलीत धोका नाही असं सगळ्यांनीच गृहीत धरलेलं होतं, म्हणून पाण्याची पाहणी, मोजदाद, जॅकेट, किनाऱ्यावर दोर घेऊन उभा असलेला माणूस, यांची पुरेशी तजवीज नव्हती. कातळावर मात्र धोका समोरच दिसतो, त्यामुळे त्याची तजवीज आधी होते. याचा अर्थ साहस शिबिरात अपघात होत नाहीत असा मुळीच नाही. होतात. पण सहलीला हसत परवानगी द्यायची आणि शिबिराच्या नावानं घाबरायचं, हा हिशेब उलटा आहे.

घाबरण्याऐवजी विचारपूस करावी. महाराष्ट्र सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यानुसार जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती आहे का, हा पहिला प्रश्न. मुख्य प्रशिक्षकानं उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट अशा मान्य संस्थेतून बेसिक, अ‍ॅडव्हान्स आणि शिकवण्याचा, म्हणजे मेथड ऑफ इन्स्ट्रक्शनचा अभ्यासक्रम केला आहे का? जवळचं रुग्णालय किती अंतरावर आणि गाडी कायम तळावर असते का? मुलींसाठी महिला प्रशिक्षक आणि नीट स्वच्छतागृह आहे का? हा शेवटचा प्रश्न लाजून वगळू नये. या वयात अनेक मुलींची पाळी नुकतीच सुरू झालेली असते, आणि ही एवढी सोय नसल्यामुळे "पुढच्या वर्षी बघू" म्हणून राहून गेलेल्या मुली पुष्कळ असतात.

सह्याद्रीतल्या मे महिन्याचे स्वतःचे धोके आहेत आणि चंदिगढ-मनालीच्या शिबिराची नियमावली इथे चालत नाही. काळा कातळ सकाळी दहानंतर हात लावू देत नाही. म्हणून चढाई पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत आटोपायची, दुपार सावलीत, पुन्हा काम उन्हं कलल्यावर. गडावरची बरीच टाकी या दिवसांत आटतात किंवा तळाला गेलेली असतात. "वर पाणी आहे" या ऐकीव माहितीवर तीस मुलं नेणं हा गुन्हा समजावा; आदल्या आठवड्यात कोणीतरी स्वतः जाऊन पाहिलेलं हवं. कड्यांच्या पोटात आग्या मोहोळं असतात, त्यामुळे धूर, अत्तर आणि आरडाओरडा बंद. आता हे सगळं प्रशिक्षकांनी गुपचूप पार पाडलं तर मुलं सुखरूप राहतील, पण शिकणार काही नाहीत. त्याऐवजी पाण्याचा हिशेब एका गटाकडे द्यावा. माणशी किती लिटर, किती वाजेपर्यंत पुरलं पाहिजे, कोणाची बाटली अजून भरलेलीच आहे म्हणजे कोण पाणी पीत नाहीये. दुसऱ्या गटाकडे स्वयंपाक, तिसऱ्याकडे दर थांब्यावर शिरगणती. उन्हाचा त्रास होऊ लागलेलं मूल प्रशिक्षकाआधी त्याच्या जोडीदाराला दिसतं. जबाबदारी आणि सुरक्षितता या वेगळ्या गोष्टी नाहीत, असं मी म्हणतो ते या अर्थानं.

दुसरा आक्षेप पैशांचा. शिबिरं महाग आहेत आणि ज्यांना परवडतात त्यांचीच मुलं जातात, हे खरंच आहे. पण महाग काय असतं? झिपलाइनची तार, तंबूतले पलंग, विमानाचं तिकीट. दोर, हेल्मेट, चार हार्नेस आणि एक प्रशिक्षित माणूस हा तालुक्यातल्या दहा शाळांनी मिळून उचलता येईल एवढा खर्च आहे. पैसा म्हणजे क्षमता नव्हे, हे चंद्रपूरच्या आदिवासी आश्रमशाळांमधल्या मुलांनी दाखवलं. मे २०१८ मध्ये "मिशन शौर्य" या मोहिमेतून त्यांच्यातले पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. (अर्थात मोठी मुलं ती, आणि त्यामागे दीर्घ सराव होता, सहावीतल्या पोराला विक्रमाच्या मागे लावण्याचा उत्साह पालकांनी आवरलेलाच बरा.) शिवाय भंडारदऱ्याकडच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या गावातल्या मुलाला कातळ, रान, विहिरीत पोहणं यांचं अप्रूप नाही. शहरी मुलांच्या शिबिरात त्याला पाहुणा म्हणून बोलावण्यापेक्षा वाट दाखवणारा म्हणून बोलवावं, आणि त्याचे पैसे द्यावेत.

तिसरा आक्षेप वेळेचा. सुटीतच पुढच्या इयत्तेचे आणि शिष्यवृत्तीचे वर्ग सुरू होतात, त्यात आठवडा कुठून काढायचा? याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. काढायचा तर काहीतरी सोडावं लागेल. पण सोडायची वेळ आली तर मी वर्गाचा आठवडा सोडेन, कारण तो जूनमध्ये पुन्हा भरून काढता येतो. लक्ष द्यायला, आपल्या पाळीची वाट पाहायला, चुकल्यावर लगेच सांगायला शिकवणारा तास मात्र वेळापत्रकात कुठेच नाही. फक्त त्या आठवड्यानंतर घरात काय होतं, हेही तितकंच महत्त्वाचं. डोंगरात मैत्रिणीचा दोर सांभाळलेली मुलगी घरी आल्यावर तिला कोपऱ्यावरच्या दुकानात एकटीला पाठवायला कोणी तयार नसेल, तर शिबिरात मिळालेलं तिनं वापरायचं कुठे? तेव्हा संयोजकांनी शेवटच्या दिवशी पालकांना समारोपाच्या टाळ्यांसाठी बोलावण्याऐवजी तासभर आधी बोलवावं, हार्नेस चढवून कातळापाशी उभं करावं आणि त्यांचा दोर त्यांच्याच मुलांच्या हाती द्यावा, मागे प्रशिक्षक ठेवून.