बदकांच्या वाटेवरील लपण

पाणपक्ष्यांच्या शिकारीत नेमबाजाचे कौतुक फार झाले. बसण्याची जागा हेरणाऱ्याचे फारसे झाले नाही. वस्तुतः बंदूक उचलण्याआधीच निम्मी शिकार जागेने ठरत असे.

बदके बहुधा रात्री चरतात आणि पहाटे विश्रांतीसाठी मोकळ्या पाण्यावर परततात. जाणता शिकारी आदल्या दिवशी बंदुकीविना येऊन ही ये-जा पाहून ठेवी आणि त्या वाटेवरच लपण बांधी. बदक पाण्यावर उतरते ते वाऱ्याला तोंड देऊन. म्हणून वारा पाठीशी घेऊन बसावे, म्हणजे थवा वेग आवरीत समोरून येतो. सूर्यही पाठीशी असावा. समोरून ऊन आले की अंतराचा अंदाज चुकतो, शिवाय उजळलेला चेहरा थव्याला वरूनच दिसतो. वारा आणि सूर्य एकाच बाजूस क्वचितच सापडतात. अशा वेळी वाऱ्याचे ऐकणे बरे. आडोसा तिथल्याच पाणगवताचा असावा, नवा व ठळक आडोसा बदकांना लगेच खटकतो.

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव घन्यात मात्र जागा नुसती शोधली गेली नाही, ती घडवली गेली. संस्थानिकांनी अजान बांधाचे पाणी सखल रानात आणून, मध्ये बंधारे घालून उथळ तळी केली. थापट्या, तलवार बदक यांसारखी बुडी न मारता चरणारी बदके अशाच पाण्याला पसंती देतात. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांच्या भेटीच्या वेळी तेथे ५४० पक्षी पडले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, लॉर्ड लिनलिथगो यांच्या वेळी, एका दिवसात ४,२७३! केवलादेव मंदिराजवळच्या शिळांवर हे हिशेब अभिमानाने कोरलेले आहेत. त्यांत पाणी आणणाऱ्यांचा वाटा किती, हे मात्र कोरलेले नाही.

१९७२ नंतर तेथील बंदूक थांबली. १९८५ साली हे रान जागतिक वारसा स्थळ झाले. लपणाची विद्या मात्र टिकली. कॅमेरा घेऊन बसणाराही वारा आणि ऊन पाठीशीच घेतो, कारण उतरणाऱ्या बदकाचा चेहरा तिथूनच दिसतो. अडचण आता पाण्याची आहे. गंभीर नदीवरील पाचना धरणामुळे येणारे पाणी घटले, २००४ च्या सुमारास तळी कोरडी पडली, पुढे चंबळेचे पाणी आणावे लागले. ज्या वर्षी पाणी उशिरा किंवा अपुरे येते, त्या वर्षी पक्षीनिरीक्षकाला ओळखीची जागा सोडून उरलेल्या पाण्याच्या काठी नवे लपण शोधावे लागते.