आधी भाव लिहा, मग शोध लावा
(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्याच्या पत्रकावर विषय छापला आहे, 'हरित तंत्रज्ञान आणि आरोग्य या क्षेत्रांतील संशोधनासाठी देशोदेशींचे सहकार्य'. तो वाचून सकाळी चहाच्या टपरीवर दोघा-तिघांनी आम्हाला अडवले. म्हणाले, "हे मुंबई-दिल्लीचे बोलणे झाले. आम्ही कापसाच्या भावाचे ऐकायला आलो." आम्ही कापसाच्या भावाचेच बोलणार आहोत. फक्त जरा लांबच्या वाटेने येणार आहोत.

लांबची वाट पश्चिम आफ्रिकेतून येते. तिथे बुर्किना फासो नावाचा देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. पाऊस तीन-चार महिने, तोही लहरी. शेतात ज्वारी, बाजरी आणि कापूस. ज्वारी खायची, कापूस विकायचा. म्हणजे नकाशावर तो देश कितीही लांब असला तरी संसाराच्या हिशेबात आपला बांधालगतचा शेजारी आहे. या कोरडवाहू देशात परदेशांच्या मदतीने दोन मोठी कामे झाली. एक होते लशीचे, दुसरे कापसाच्या बियाण्याचे. दोन्ही साधारण एकाच काळात शेतकऱ्याच्या दारात पोचली. लशीचे काम तडीस गेले. बियाण्याचे फसले. एकाच गावात, एकाच हंगामात शेजारशेजारच्या दोन रानांपैकी एक पिकावे आणि दुसरे जावे, तसे झाले. असे का झाले, ते समजून घेतले तर आपल्या उपयोगाचे आहे.

पहिले काम : लस

सहारा वाळवंटाच्या खालच्या अंगाला, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, कोरड्या मुलखाचा एक लांबच लांब पट्टा आहे. तिथे कोरड्या दिवसांत धुळीचे वारे सुटतात आणि त्याबरोबर मेनिंजायटिसची साथ येते. मेंदूच्या आवरणाला सूज येते, ताप चढतो, मान ताठ होते, आणि उपचार मिळाला नाही तर माणूस एक-दोन दिवसांत जातो. जे वाचतात त्यांतल्या पाचातल्या एकाला बहिरेपणा किंवा दुसरे काही अपंगत्व राहते. १९९६-९७ सालच्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार मेले. त्या आधीही लस होती. पण तिचा असर थोडी वर्षे टिके, तान्ह्या मुलांना ती लागू पडत नसे, आणि साथ आल्यावर ती घेऊन धावायचे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणायची.

अधिक टिकाऊ लस बनवायची विद्या श्रीमंत देशांकडे होती. पण तिथल्या मोठ्या कंपन्यांना या कामात रस नव्हता. गिऱ्हाईक गरीब, मग कारखाना कशाला गुंतवायचा? २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतली 'पाथ' ही संस्था यांनी मिळून हे काम हाती घेतले. पैसा गेट्स फाउंडेशनने दिला, सात कोटी डॉलर.

आता नीट ऐका, कारण गोष्टीचे मर्म इथे आहे. या मंडळींनी प्रयोगशाळेत जाण्याआधी आफ्रिकेतल्या आरोग्य खात्यांच्या लोकांना विचारले, तुम्हाला काय पाहिजे? त्यांनी सांगितले, एका डोसाला अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त किंमत आम्हाला झेपणार नाही. अर्धा डॉलर म्हणजे तेव्हाचे तेवीस-चोवीस रुपये. न परवडणारी लस आणून उपयोग नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितले. आणि तो आकडा कागदावर पहिल्या ओळीत लिहिला गेला. शोध नंतर लागला. भाव आधी लिहिला गेला.

त्या भावात काम करायला पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तयार झाली. लशीचा एक घटक जंतूच्या आवरणातली साखर. ती सुरुवातीला हॉलंडमधल्या एका कंपनीकडून आली आणि पुढे तिची विद्याही पुण्याला मिळाली. दुसरा घटक धनुर्वाताच्या लशीतले प्रथिन. ते पुण्यात आधीपासूनच बनत होते. या दोहोंची जोडी जमवायची पद्धत अमेरिकन सरकारच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी दिली. जोडी कशाला? नवा गोऱ्हा एकटा जुंपला तर तास सोडून पळतो. त्याला जुन्या बैलाबरोबर जुंपतात, म्हणजे तो तासात चालायला शिकतो. नुसती साखर शरीराच्या लक्षात राहत नाही. तिला ओळखीच्या प्रथिनाबरोबर जुंपले की शरीर ती ओळख वर्षानुवर्षे विसरत नाही.

चाचण्या भारतात, माली, गांबिया, सेनेगल आणि घाना इथे झाल्या. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली आणि दहा-एक दिवसांत एक ते एकोणतीस वर्षे वयाच्या एक कोटीवर लोकांना लस टोचून झाली. ही लस चाळीस अंश उष्णतेतही चार दिवसांपर्यंत बर्फाशिवाय ठेवता येते, हे तपासून २०१२ साली तशी परवानगी मिळाली. जिथे वीज नाही, फ्रिज नाही, तिथे हे केवढे काम आहे ते आपल्याला सांगायला नको. पुढे त्या पट्ट्यातल्या चोवीस देशांत पस्तीस कोटींवर लोकांना ही लस मिळाली. ज्या 'ए' प्रकारच्या जंतूने एवढी माणसे मारली, त्याचा २०१७ नंतर त्या पट्ट्यात एकही खात्रीचा रुग्ण सापडलेला नाही. दुसऱ्या प्रकारचे जंतू उरले होते. त्यांच्यासाठी पाच प्रकारांवर चालणारी लस पुन्हा पुण्यातच तयार झाली आणि २०२४ साली नायजेरियात पहिल्यांदा दिली गेली.

यात कोणी कोणावर उपकार केले नाहीत. पुण्याच्या कंपनीला कोट्यवधी डोसांचे गिऱ्हाईक मिळाले आणि नवी विद्या मिळाली. आफ्रिकेला लस मिळाली. हा व्यवहार झाला, आणि रोखठोक झाला म्हणूनच टिकला.

मग आपल्याही मालाचा भाव घेणाराच ठरवतो!

आता तुमच्यातले कोणी उठून म्हणेल, "घेणाऱ्याने भाव सांगायचा आणि पिकवणाऱ्याने मान डोलवायची, हे तर आमच्या नशिबी रोजचेच आहे. त्याचे काय कौतुक सांगता?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही.

फरक तीन आहेत. पहिला, त्या भावाला नाही म्हणायची मोकळीक होती. मोठ्या कंपन्या नाही म्हणाल्या, त्यांच्यावर कोणी पोलीस धाडले नाहीत. आपल्याकडे १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा सरकारचा भाव पटला नाही म्हणून दुसरीकडे कापूस विकायचा हक्क आपल्याला नव्हता. राज्याच्या हद्दीवर गाडी अडवली जात होती. दुसरा फरक, लशीचा भाव खाली ठेवायचा तर शोधाचा आणि चाचण्यांचा खर्च दुसऱ्याने उचलला. कारखानदाराच्या खिशातून तो काढला नाही. आपल्या मालाचा भाव पाडतात तेव्हा बियाण्याचा, खताचा, वेचणीचा खर्च कोणी उचलतो का? तिसरा फरक, लस बाजारात येण्याआधीच ती विकत घ्यायला पैसा कुठून येणार ते ठरले होते. भाव दोघांच्या संमतीने ठरला, खर्चाचा हिशेब उघडा होता आणि माल उचलायची तजवीज होती. असा भाव कोणी आपल्याला देत असेल तर आपणही त्याच्याशी बोलायला बसू.

दुसरे काम : कापसाचे बियाणे

याच बुर्किना फासोमध्ये २००८ साली बीटी कापूस पेरायला सुरुवात झाली. अमेरिकन कंपनी मोन्सँटो आणि त्या देशाची कृषिसंशोधन संस्था यांनी मिळून तिथल्याच वाणांत बीटीचे गुण आणले. शेतकऱ्याला फायदा झाला, हे आधी कबूल केले पाहिजे. जिथे सहा फवारण्या लागत तिथे दोनवर भागू लागले. उत्पन्न सुमारे एक पंचमांशाने वाढले. २०१४ सालापर्यंत सत्तर टक्क्यांच्या आसपास कापूस बीटीचा झाला.

पण बुर्किनाचा कापूस हाताने वेचलेला आणि लांब धाग्याचा. जगाच्या बाजारात त्याला चार पैसे जास्त मिळत, ते त्या लांबीमुळे. नव्या वाणांत धागा आखूड निघाला आणि रुईचा उतारा घसरला. शेतकऱ्याच्या काट्यावर वजन वाढले, जिनिंगच्या काट्यावर तूट आली. देशी वाणाशी पुरेशा वेळा उलटसंकर केला नाही म्हणून असे झाले, असे काही जाणकारांचे म्हणणे आहे. कारण काहीही असो, धाग्याचा प्रश्न निकाली निघण्याआधी बियाणे रानभर पसरले होते. शेवटी तिथल्या कापूस कंपन्यांनी नुकसानभरपाई मागितली, २०१७ साली तडजोड झाली आणि देश जुन्या बियाण्यावर परत गेला. त्याबरोबर जुनी फवारणीही आली. गेले ते तंत्रज्ञान वाईट होते म्हणून गेले नाही. अळी मोजली, वजन मोजले आणि ज्यावर भाव ठरतो तो धागा मागे राहिला.

आपल्या घरचा हिशेब

आता आपल्या बांधावर येऊ. २६ मार्च २००२ रोजी आपल्या देशात तीन बीटी वाणांना मान्यता मिळाली. देशाचे कापसाचे उत्पादन २००२-०३ साली १३६ लाख गाठी होते, ते २०१३-१४ साली ३९८ लाख गाठींवर गेले. त्यात पावसाचा, पाण्याचा वाटा आहे, तसा या बियाण्याचाही आहे. पण साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाला पहिल्या वर्षांत सोळाशे रुपयांच्या आसपास मोजावे लागले. तो भाव एकट्या विकणाऱ्याने ठरवला होता. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा पाकीट साडेसातशेवर आले. मग सरकारने दुसरे टोक गाठले. २०१६ पासून केंद्राने भाव आणि स्वामित्वशुल्क दोन्ही बांधून टाकले आणि २०२० साली शुल्क शून्यावर आणले. मधल्या काळात, २०१६ सालीच, परदेशी कंपनीने पुढच्या वाणाचा अर्ज मागे घेतला. २००६ नंतर कापसात बाहेरून आणलेल्या एकाही नव्या गुणाला मान्यता मिळालेली नाही. तणनाशक सहन करणारे बियाणे आपण आज चोरवाटेने, बिलाशिवाय घेतो. उगवले नाही तर तक्रार कोणाकडे करायची?

आणखी एक गोष्ट. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन या देशांत बीटी सरळ वाणांत आले. आपल्याकडे ते संकरित वाणांत आले. म्हणजे दर वर्षी नवे पाकीट, आणि पीक लांब मुदतीचे. लांब मुदतीच्या पिकावर गुलाबी बोंडअळीला मुक्काम करायला वेळ मिळतो. २०१७ साली तिने मराठवाडा-विदर्भात काय केले ते आपण उघड्या बोंडांत पाहिले आहे. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बियाणे हा कृषी खात्याचा विषय आणि दवाखाना हा आरोग्य खात्याचा विषय, अशी वाटणी सरकारी कचेरीत चालते. रानात चालत नाही.

आपण काय मागायचे?

तंत्रज्ञानाला आपला विरोध नाही. ते अमेरिकेतून येवो, चीनमधून येवो की पुण्यातून, आपल्याला त्याचे सोयरसुतक नाही. आपले म्हणणे एवढेच की, करार लिहायला बसाल तेव्हा पहिली ओळ आम्ही सांगू.

कापसाच्या बियाण्याची ओळ अशी : कमी मुदतीचे सरळ वाण, गुलाबी बोंडअळीला दाद न देणारे, धाग्याची लांबी आणि रुईचा उतारा आजच्यापेक्षा कमी नाही, आणि पाकिटाचा भाव पेरणीआधी नव्हे, तर संशोधनाआधी उभयतांनी ठरवलेला.

दवाखान्याची ओळ सर्पदंशाची. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सापाच्या दंशाने वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ती बहुतेक खेड्यांतली. ज्वारी कापताना, कडबा उचलताना, रात्रीची वीज म्हणून रात्री पाणी देताना गेलेली. आपली सापाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते. त्यासाठी लागणारे विष बहुतांशी तामिळनाडूतून येते, आणि एकाच जातीच्या सापाचे विषही मुलखामुलखात वेगळे असते, असे शास्त्रज्ञ सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले आहे, आणि आपल्या सरकारनेही २०२४ साली तसाच आराखडा केला आहे. म्हणजे कागद काढला आहे. त्यावर आपली ओळ हवी : आमच्या मुलखातल्या सापाच्या विषावर तपासलेली लस, आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, रात्रीही.

आफ्रिकेतल्या आरोग्य खात्यांच्या लोकांना अर्ध्या डॉलरचा आकडा सांगता आला, कारण आपल्याला काय झेपते हे त्यांना ठाऊक होते. आपल्याकडे आकडे आहेत का? म्हणून मेळाव्यातून जाताना प्रत्येक गावच्या शाखेने एक काम घेऊन जायचे आहे. एका वहीत दोन पाने करा. एका पानावर, गेल्या वर्षी गावात साप किती जणांना चावला, दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला, लस कुठे मिळाली, खर्च किती आला. दुसऱ्या पानावर, कोणते बियाणे, बिल मिळाले की नाही, फवारण्या किती, एकरी कापूस किती, आणि जिनवाल्याने उतारा किती सांगितला. लिहिताना वाढवू नका, घटवू नका. पुढच्या जिल्हा बैठकीला ही वही घेऊन या. सगळ्या वह्यांची बेरीज करून आपण ती कृषी विद्यापीठाला, आरोग्य खात्याला आणि जो कोणी नवे तंत्रज्ञान घेऊन येईल त्याला देऊ.

मग कोणी विचारले की तुम्हाला काय पाहिजे, तर आपल्याला माना खाली घालून बसावे लागणार नाही.