बाबांची आरएक्स



मी गाड्यांच्या विम्याचं काम करतो. आमच्या तक्त्यात पहिल्या सहा महिन्यांतच गाडीची किंमत ५ टक्के घटते, पाचव्या वर्षी निम्मी उरते. पुढे तक्ताच संपतो. मालक आणि कंपनीनं मिळून आकडा ठरवायचा.

हाच हिशेब सांगून २००४ साली मी बाबांना त्यांची यामाहा आरएक्स १०० नऊ हजारांत विकायला लावली. तुमच्यापैकी कितीतरी जण तिच्यावर बसून मांढळच्या बाजाराला गेले आहेत. बाबा काही बोलले नाहीत. टाकीवरून फडकं तेवढं फिरवलं. इंजिन जेमतेम ९८ सीसीचं, टू-स्ट्रोक, पण उचल काय होती! १९९६ मध्ये ती बनणं बंद झालं, तशी पुन्हा येणार नव्हती. हे माझ्या तक्त्यात कुठं होतं? आज नीट राखलेल्या आरएक्सला लोक लाखाच्या वर मोजतात.

घेणारा आपल्याच वर्गातला, मागच्या रांगेत बसलाय. दोनदा विचारलं. म्हणतो, "विकाची नाही बाप्पा." दर रविवारी मात्र गाडी घेऊन कुहीला घरी येतो, अंगणात किक मारतो आणि बाबांना आवाज ऐकवतो.