बंब, सरपण आणि हिशेब



चैत्र सरत आला आहे. सूर्य मावळला तरी अंगाचा घाम वाळत नाही. अशा दिवसांत एखाद्याने व्यासपीठावर येऊन कढत पाण्याविषयी बोलावे, हा श्रोत्यांचा छळच म्हटला पाहिजे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा पुढे कोणी तिच्या एखाद्या भावंडात बंबावर बोलेल अशी शंकाही त्यांना आली नसेल. पण मी मुद्दाम हा विषय या ऋतूसाठी निवडला आहे. त्याचे कारण शेवटी सांगेन.

थंड देशांत घर ऊबदार ठेवण्यासाठी इंधन लागते. तिकडे भिंतीत कोनाडा करून त्यात ओंडके पेटवण्याची जुनी चाल आहे. चित्रात ती मोठी लोभस दिसते. पण त्या उघड्या जाळाची बहुतेक उष्णता धुराड्यातून आकाशात जाते आणि माणसाच्या वाट्याला गुडघे शेकण्यापुरतीच उरते. म्हणून अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनसारख्या विचारी माणसाने जाळ लोखंडी पेटीत घालून लाकडाची बचत करण्याचा खटाटोप केला. आपल्याकडे पवना-इंद्रायणीच्या काठी घर तापवण्याची गरज नाही. पौषातली थंडी गोधडी भागवते. आपला हिवाळ्याचा खर्च न्हाणीघरात होतो. आपल्या घरातला अग्निकुंड म्हणजे तांब्याचा बंब.

या बंबाची रचना पाहा. मधोमध उभे नळकांडे, त्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा आणि नळकांड्याभोवती पाणी. जाळ पोटात आणि पाणी चहूबाजूंनी, त्यामुळे उष्णतेला पळायला वाट कमी. जुन्या बंबात वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतले की ते तळाशी जाई आणि वरचे तेवढेच कढत पाणी तोटीतून बाहेर येई. न दिल्यास न मिळे, असा हा चोख व्यवहार होता.

चिंचवड गावातल्या जुन्या वाड्यांतून हे बंब मोडीत गेले, त्यांच्या जागी विजेचे आणि गॅसचे गीझर आले. परंतु गेल्या काही वर्षांत चाकण, महाळुंगे, निघोजे, भोसरी या बाजूला बंब पुन्हा दिसू लागला आहे. तांब्याचा नसेल तर पत्र्याचा. त्याचे कारण कारखान्यांत आहे. यंत्रे आणि सुटे भाग लाकडी खोक्यांतून, पॅलेटवरून येतात. माल आत जातो, लाकूड भंगारात जाते, आणि तेथून ते स्वस्तात, कधी फुकटही, कामगारांच्या खोल्यांपर्यंत पोहोचते. गॅसची टाकी महिनाअखेरीला रिकामी होते आणि दारात लाकडाचा ढीग पडलेला असतो. मग गृहिणीने काय करावे? या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देता येत नाही, हिशेबानेच द्यावे लागते.

तो हिशेब आपण येथेच करू. पाच माणसांचे घर, प्रत्येकाला पंधरा लिटरची एक बादली. नळाचे पाणी 20 अंशांवरून 42 अंशांवर न्यायचे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. म्हणजे एका बादलीला 330 आणि पाचांना 1650 किलोकॅलरी. रोजची गरज एवढीच.

एक किलो गॅसमध्ये सुमारे 11,000 किलोकॅलरी असतात. शेगडीवर त्यातल्या शेकडा साठ भांड्यात उतरतात असे धरू. रोजचा पाव किलो, महिन्याचा साडेसात किलो गॅस झाला. घरगुती टाकीत 14.2 किलो असतो. म्हणजे निम्म्याहून अधिक टाकी आपण नुसती अंगावर ओततो! विजेने हेच काम करायचे तर रोज जवळजवळ दोन युनिटे, महिन्याला साठ.

आता लाकूड. चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे 4000 किलोकॅलरी असतात. तीन दगडांच्या चुलीवर त्यातला आठवा भाग पाण्याला मिळतो, सात भाग वाऱ्याला. नीट जाळी असलेल्या बंबात चौथा भाग मिळतो असे धरा. म्हणजे चुलीला महिन्याला शंभर किलो सरपण, बंबाला पन्नास. लाकूड तेच, पाणी तेच, मात्र खर्च निम्मा. यातून एक सोपा नियम निघतो: पाणी तापवण्यापुरता एक किलो गॅस म्हणजे बंबातले साडेसहा किलो कोरडे लाकूड. गॅस साठ रुपये किलो पडत असेल, तर लाकूड नऊ रुपयांच्या आत मिळाले तरच बंब परवडला. भाव बदलतील, नियम बदलणार नाही. आपापल्या बिलाचा आकडा घाला आणि घरी जाऊन पडताळून पाहा.

येथपर्यंत माझे भाषण बंबाची वकिली वाटली असेल. पण हिशेबाच्या वहीला दुसरे पान असते, आणि आपण ते बहुधा उलटत नाही.

चाकणजवळच्या एका वस्तीत मी एक प्रसंग पाहिला आहे. पहाटे थंडी फार, म्हणून घरच्यांनी बंब न्हाणीत आत घेतला आणि खिडकीला पोते लावले. आजीबाई स्नानाला गेल्या. बऱ्याच वेळाने सुनेने हाक मारली, उत्तर नाही. दार ढकलले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात नेले म्हणून वाचल्या. सून मला पुन्हा पुन्हा सांगत होती, “अहो, धूर तर नव्हताच, नुसते निखारे होते!” नेमके तेच घातक. अपुऱ्या हवेत निखारे फुलतात तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. माणूस गुदमरल्याचे त्या माणसालाच कळत नाही. बंद न्हाणीतला गॅस गीझर आणि बंद खोलीतली शेगडी हीदेखील त्याच जातीची संकटे आहेत.

आणि धुराचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या चुलींच्या आणि दिव्यांच्या धुरामुळे 2020 या एका वर्षात जगात सुमारे बत्तीस लाख माणसे अकाली दगावली. महिन्याला वाचलेले तीनचारशे रुपये कोणाच्या छातीतून काढले, हे दुसऱ्या पानावर लिहिलेले असते. बहुधा ते जाळ फुंकणाऱ्या बाईच्या आणि तिच्या कडेवरच्या मुलाच्या छातीतून काढलेले असतात.

त्यात आपल्या पट्ट्यातले लाकूड निराळेच. रानातल्या बाभळीने आपले कूळ लपवलेले नसते. खोक्याच्या फळीचे कूळ शोधावे लागते. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखा शिक्का असतो. त्यात इंग्रजी ‘एचटी’ ही अक्षरे असतील तर ती फळी नुसत्या उष्णतेने किडमुक्त केली आहे. ‘एमबी’ असेल तर तिला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली आहे; ती जाळू नये. प्लायवूड, भुशाचे दाबलेले तक्ते, सनमायका, रंगवलेले लाकूड यांना तर बंबाच्या जवळही आणू नये. त्यांतला गोंद आणि रंग धुरातून थेट फुप्फुसात जातात. शुद्ध लाकडाची राख तुळशीला चालते, भांड्यांना चालते. ज्या राखेत हात घालायचे धाडस होत नाही, त्या लाकडाचा धूर तरी मुलाला कसा चालेल?

मग सोडून द्यावे का सारे? तसेही नाही. आपल्या पुण्यातच 1996 साली डॉ. आनंद कर्वे यांनी ‘आरती’ ही संस्था स्थापन केली. शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तिच्या कामाला 2002 साली इंग्लंडमधील ॲश्डेन पारितोषिक मिळाले. मूठभर, म्हणजे शंभर ग्रॅम कोळशावर पाच जणांचा स्वयंपाक करणारा ‘सराई’ कुकर त्याच संस्थेचा. इंधन कोणते याइतकेच ते कसे जळते हेही महत्त्वाचे, हा त्या कामाचा धडा आहे. आपल्या आयांनाही तो ठाऊक होता. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरून भोवती करवतीचा भुसा ठासायचा, बाटली काढून घ्यायची आणि खालच्या भोकातून पेटवायचे. ती भुशाची शेगडी तासन् तास तेवत असे.

माझे सांगणे थोडक्यात असे. गच्ची स्वतःची असेल त्याने सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवावे. त्या इंधनाला बिल नाही आणि धूरही नाही. स्वयंपाक गॅसवरच करावा. चार पैशांसाठी घरात चूल परत आणू नये. पाण्यासाठी बंब वापरायचा असेल तर तो अंगणात किंवा उघड्या पडवीत ठेवावा, न्हाणीत कधीही नाही. जाळी रोज झाडावी, नळकांड्याची काजळी आठवड्याला खरवडावी आणि छिलपे बारीक करून थोडे थोडे घालावे. बंबासाठी झाडावर कुऱ्हाड चालवू नये. शहरात 1975 च्या कायद्याने त्याला परवानगी लागते, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. चाळीत दहा बिऱ्हाडे असतील तर दहा धूर कशाला? अंगणात एक मोठा बंब सामाईक ठेवता येईल.

आता सुरुवातीचे ऋण फेडतो. हा विषय वसंतात का? ओल्या लाकडातले पाणी आधी आपली वाफ करून घेते आणि मग उरलेली उष्णता आपल्याला देते. शंभरात चाळीस भाग ओल असेल तर किलोमागे चार हजारांचे अडीच हजार होतात, वर धूर दुप्पट. म्हणून पूर्वीच्या बायका आगोटीच्या आधी सरपण वाळवून माळ्यावर रचून ठेवत. पापड-कुरडयांबरोबर तीही बेगमीच होती. मार्गशीर्षात जळणारे लाकूड वैशाखात वाळावे लागते. बचत ही थंडी वाजू लागल्यावर सुचणारी गोष्ट नव्हे; ती उन्हाळ्यातच करून ठेवायची असते.

घरी जाताना एवढेच करा. न्हाणीघराची खिडकी उघडते का ते पाहा. बंब असो वा गॅसचा गीझर, त्या खिडकीला पोते लावलेले असेल तर आज रात्रीच काढून टाका.