उरलेले आणि उष्टे

(डोळखांब येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाताच्या भावाबद्दल बोलून झाले, रस्त्याबद्दल बोलून झाले. आता आमच्या वाट्याला जो विषय आला आहे तो जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेतले दोघे-तिघे हसले, ते आम्ही पाहिले. विषय असा की, हॉटेलवाले, मंगल कार्यालयवाले, गिरणीवाले, व्यापारी यांनी नासाडी कमी कशी करावी आणि त्यांच्याकडे उरलेले अन्न कोणाच्या पोटात कसे जावे. हसणाऱ्यांचे म्हणणे आम्हाला कळते. ज्याच्या घरात उरतच नाही त्याला उरलेल्याचे प्रवचन कशाला?

पण उरते ते कोणाचे, हे विचारा. वासिंदपासून कसाऱ्यापर्यंत हमरस्त्याला जेवढे ढाबे आहेत, त्यांच्या मागच्या पिंपात रात्री जो भात ओतला जातो तो कोणीतरी आषाढात गुडघाभर चिखलात वाकून लावलेला असतो. त्याला त्याचे पैसे मिळाले, मग त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. पैसे किती मिळाले ते मघाशी बोलून झालेच आहे. आणि जिथे माल स्वस्त पडतो तिथेच तो फेकला जातो. सोने कोणी पिंपात ओतत नाही.

आधी आमचीच चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्याला शिकवायला आलो असे वाटणार नाही.

काही वर्षांपूर्वी लग्नसराईत एका कार्यालयाच्या मालकाने आम्हाला निरोप धाडला. पाचशेचे जेवण केले होते, माणसे आली तीनशे, उरलेले घेऊन जा. आम्हाला केवढा आनंद झाला! टेम्पो मिळेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. इकडे पुढच्या एका कातकरी वाडीवर पोचेपर्यंत साडेअकरा. जेवण दुपारचे. भात मोठ्या पातेल्यात दाबून भरलेला, मधे हात घातला तर अजून कोमट लागला. आम्हाला वाटले, कोमट आहे म्हणजे चांगला आहे. झोपलेली पोरे उठवून पंगत बसवली. वाढताना आमच्यातल्या एकाने फोटोही काढला.

पहाटे पोरांना उलट्या सुरू झाल्या. सात-आठ पोरे होती. आरोग्य केंद्रात नेली, सगळी बरी झाली, नशीब. दुसऱ्या दिवशी आम्ही माफी मागायला गेलो तेव्हा वाडीतली एक म्हातारी एवढेच म्हणाली, "आमच्यासाठी रांधलं असतंत, तर एवढ्या राती आणलं असतंत का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. तो फोटो आम्ही कुठे छापला नाही.

नंतर डॉक्टरांनी जे समजावले ते भात पिकवणाऱ्या आणि खाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवे. कच्च्या तांदळावर एका जिवाणूचे बीज असते, बॅसिलस सिरियस असे त्याचे नाव. तांदूळ शिजला तरी ते बीज मरत नाही. भात तासन् तास कोमट राहिला की, ऊब आणि ओल मिळून बी जसे रुजते तसे ते रुजते, वाढते आणि विष सोडते. मग तो भात पुन्हा कितीही तापवा, ते विष जात नाही. म्हणजे पातेल्याच्या मधला जो कोमट भात पाहून आम्ही खूश झालो, घात तिथेच होता. शिजवलेले अन्न एक तर साठ अंशांच्या वर गरम राहिले पाहिजे, नाही तर पसरट परातीत पातळ पसरून लवकर निववून पाच अंशांच्या खाली थंड ठेवले पाहिजे. या दोहोंच्या मधे ते दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. घड्याळ बघूनच अन्न द्यायचे, मन भरून आले म्हणून नव्हे.

दुसरी गोष्ट त्या म्हातारीच्या बोलण्यातली. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. पातेल्यात राहिले ते उरलेले, ताटात राहिले ते उष्टे. शहरातले शहाणे लोक दोन्हींना एकाच तागडीत घालतात. आपल्याला तसे करता येणार नाही, कारण या फरकामागे पिढ्यांचा अपमान आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी सगळ्यांना आठवते. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे सांगितले होते, ते मात्र फार थोड्यांना आठवते. ज्यांच्या आजा-पणज्याने निर्धार करून ते तुकडे नाकारले, त्यांच्या दारात आपण दानाच्या नावाखाली तेच तुकडे पुन्हा घेऊन जायचे काय? अन्न द्यायचे असेल तर ते अन्न असतानाच द्यायचे, ताटाला लागण्याआधी, आणि घेणाऱ्याला आधी विचारून.

कायद्याचेही आता असेच म्हणणे आहे. २०१९ साली केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी वेगळे नियम काढले. पदार्थ कोणता, कोणी दिला, केव्हा शिजला, शाकाहारी की मांसाहारी, हे लिहून द्यावे आणि नोंद ठेवावी, असा त्यांचा गाभा आहे. "उगाच लफडे नको" म्हणून पिंपात ओतणाऱ्या मालकांना हे नियम वाचून दाखवा. वहीत चार ओळी लिहिल्या की लफडे राहत नाही.

हे जमते का? जमते. मुंबईचे डबेवाले मूळचे कोण? मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरचे शेतकरी, म्हणजे मुरबाडवरून माळशेज चढून गेले की पलीकडचे आपले शेजारी. त्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये रोटी बँक काढली. लग्नात, समारंभात उरलेले अन्न उचलायचे आणि रस्त्यावरच्या भुकेल्यांना पोचवायचे. वेळेवर डबा पोचवणे हाच ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांना घड्याळ शिकवावे लागले नाही. पुढे माजी पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांनीही मुंबईत याच नावाने काम उभे केले. त्याच २०१५ च्या डिसेंबरात औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, युसूफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली. तिची रीत निराळी. घरटी दोन ताज्या पोळ्या आणि भाजी आणून द्यायची. म्हातारीचा प्रश्न त्यांनी आधीच सोडवला होता म्हणायचा. फ्रान्समध्ये २०१६ साली कायदाच झाला की, चारशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाने खाण्याजोगा माल नष्ट करायचा नाही, संस्थांशी करार करून द्यायचा.

तरीही आम्ही धंदेवाल्यांना सांगू की, दान ही पहिली पायरी नव्हे. आधी उरूच देऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ मध्ये जो अहवाल काढला, त्याप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले शेकडा ६० घरांतून, २८ हॉटेल-खानावळींतून, १२ दुकानांतून. म्हणजे शंभरातले चाळीस धंद्यातले. एका ढाबेवाल्याला आम्ही गळ घातली, पंधरा दिवस पिंपात ओतण्याआधी पातेले तराजूवर ठेव आणि लिही. त्याला कळले ते एवढेच की, तो रविवारच्या गर्दीच्या अंदाजाने सोमवारीही रांधत होता. आचाऱ्याला कोणी सांगितलेच नव्हते. आता तो सोमवारी अर्धे पातेले चढवतो आणि लागले तर दुसरे. यात परोपकार कुठे आहे? गॅस त्याचा वाचला, तांदूळ त्याचा वाचला. लग्नवाल्यांनीही आमंत्रणाचा आकडा आणि पानांचा आकडा यांत फरक करायला शिकावे. आपल्याकडे मान म्हणून जास्त रांधतात, कमी पडले तर नाक कापले जाते. हे नाक फार महाग पडते.

पुन्हा वापरण्याच्या बाबतीत मात्र शेतकऱ्याला कोणी शिकवू नये. बारदान पाहा. पोते भाताला, मग कोंड्याला, मग गोणपाट होऊन पावसात डोक्यावर, शेवटी पाय पुसायला दारात. २०२० च्या टाळेबंदीत बंगालमधल्या ताग गिरण्या बंद पडल्या, नवे बारदान मिळेना, तेव्हा केंद्र सरकारने खरेदीसाठी एकदा वापरलेल्या पोत्यांना परवानगी दिली. नाइलाज झाला तेव्हा जुने पोते चालले. नारायणगावच्या टोमॅटोचे प्लॅस्टिकचे क्रेट बाजारात जातात आणि रिकामे परत येतात. पूर्वीची लाकडी खोकी एकदा गेली की गेली, आणि वर माल चेंगरायचा तो वेगळाच. व्यापाऱ्यांनी आपल्या भेंडी-काकडीलाही असे परतीचे क्रेट द्यावेत. गोणीत कोंबलेल्या भेंडीतली खालची काळी पडते आणि तिची तूट आपल्या पट्टीत कापली जाते.

भातगिरणीत तर फेकण्यासारखे काही नाहीच. एक क्विंटल भात भरडला की सरकारी हिशेबाने ६७ किलो तांदूळ पडतो. राहिलेल्यात मोठा भाग तुसाचा, मग कोंडा. तूस वीटभट्टीला आणि बॉयलरला जाते. कोंड्याचे तेल निघते, पण तो फार लवकर खवट होतो, म्हणून गिरणीत साठवून ठेवला की मातीमोल. इथल्या छोट्या गिरण्यांनी तो एकत्र करून ताजा ताजा पाठवला तर चार पैसे सुटतील. आणि भरडाईच्या बदल्यात तूस-कोंडा गिरणीवाल्याचा, ही जी रीत पडली आहे, तिचा हिशेब एकदा मांडून पाहायला हरकत नाही. आपल्या भाताचा कोंडा आहे तो.

पण पुन्हा वापरणे सगळेच चांगले असे समजू नका. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवतात, काळे झाले की गाड्यावाल्याला स्वस्तात विकतात. १ जुलै २०१८ पासून नियम आहे की, तेलातले बिघडलेले घटक शेकडा २५ च्या वर गेले तर ते वापरायचे नाही. असे तेल जैवडिझेलसाठी द्यायची सोय सरकारने काढली आहे, तिकडे द्यावे. वर्तमानपत्राच्या कागदात वडा बांधून देतात, त्याची शाई पोटात जाते. आणि आपल्याच घरात पाहा, औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात पाणी नाही तर रॉकेल भरून ठेवणारे या मांडवात किती असतील? हात वर करू नका, घरी जाऊन तो डबा फोडा.

गुरांचेही तसेच. लग्नाचा उरलेला भात, बुंदी, पोळ्या घमेल्याने गायीपुढे ओततात आणि पुण्य केले म्हणतात. एकदम एवढे शिजलेले पीठूळ पोटात गेले की आम्ल होते आणि जनावर दगावते. थोडे, वैरणीबरोबर, सवयीने दिले तर चालते. बाकी भाजीचे देठ, साली, पत्रावळी खड्ड्यात घाला, त्याचे खत शेताला येईल.

राहिली आपल्या शेतातली नासाडी. संयुक्त राष्ट्रांचा जो आकडा सांगितला, त्यात शेतात कुजले ते धरलेलेच नाही. लुधियानाच्या काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेने २०१५ साली देशातल्या काढणीनंतरच्या नुकसानीचा हिशेब मांडला, तो वर्षाला ९२ हजार ६५१ कोटी रुपयांचा. भातात शेकडा साडेपाच, टोमॅटोत शेकडा बारा. ऑगस्ट २०२१ मध्ये नाशिक-औरंगाबाद भागात भाव एवढा पडला की शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. तेव्हा वर्तमानपत्रांत पत्रे आली, फेकता कशाला, गरिबांना वाटा. वाटायलाही तोडणी लागते, टेम्पो लागतो. ती मजुरी कोण देणार? हॉटेलवाला पिंपात ओततो ती सुस्ती असते, शेतकरी रस्त्यावर ओततो तो आक्रोश असतो. दोघांना एकच उपदेश चालत नाही. शेतकऱ्याने दान करावे अशी ज्यांची इच्छा आहे त्यांनी निदान तोडणी आणि भाडे द्यावे, माल आम्ही देऊ.

आता करायचे काय ते सांगतो आणि बसतो. तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होईल. त्याआधी शहापूर आणि मुरबाडच्या कार्यालयवाल्यांना आणि हमरस्त्याच्या ढाबेवाल्यांना आपल्याला भेटायचे आहे. पंगतीचा शेवटचा वाढप संपला की लगेच फोन, रात्री नव्हे. झाकणाची पसरट भांडी आपली, ती धुऊन परत. वेळ लिहिलेली चिठ्ठी भांड्याला बांधलेली. दोन तासांत जिथे पोचता येत नाही तिथे न्यायचे नाही, जवळच्या वीटभट्टीवर, कामगारांच्या खोल्यांवर द्यायचे. अंधार पडल्यावर कोणत्याही वाडीवर अन्न घेऊन जायचे नाही, मग कोणी कितीही आग्रह करो.

ज्यांच्याकडे टेम्पो किंवा जीप आहे त्यांनी मांडवाच्या दाराशी वही ठेवली आहे तीत नाव लिहावे. परात-पातेली देऊ शकतील त्या बहिणींनीही लिहावे. त्या कातकरी वाडीवर आम्ही येत्या आठवड्यात दिवसाउजेडी जाणार आहोत, रिकाम्या हातांनी. त्यांना हवे आहे का, हवे तर केव्हा आणि काय, हे आधी विचारून येतो.